घोट्याचे हाड आणि देयकातील आकडा

पाय घसरून घोट्याचे हाड मोडणे ही गोष्ट नवी नव्हे. पावसाळ्यात शेवाळलेली पायरी, पदपथावरील उखडलेली फरशी, दुचाकीवरून झालेली साधी पडझड, एवढे निमित्त त्याला पुरते. पूर्वी अशा मनुष्यास हाडवैद्याकडे नेत. तो हाड बसवून बांबूच्या कामट्या बांधी, आणि पुढे पाय वाकडा राहिला तर ते दैवावर सोडून देत. आज त्याच मनुष्यास रुग्णालयात नेतात, क्ष-किरण छायाचित्र काढतात, आवश्यक तर शस्त्रक्रिया करून प्लेट व स्क्रू बसवितात, आणि बहुधा काही महिन्यांत तो पूर्वीसारखा चालू लागतो. वैद्यकाची ही प्रगती निर्विवाद आहे. परंतु घरी परतताना रुग्णाच्या हाती जो कागद पडतो, त्या रुग्णालयाच्या देयकाची प्रगती मात्र त्या मानाने झालेली नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय हा कागद होय. मोडलेल्या घोट्याच्या देयकातील प्रत्येक आकडा मागे जाऊन हाडापर्यंत पोचविता आला पाहिजे, आणि तो माग रुग्णाला स्वतःच्या भाषेत काढता आला पाहिजे, असे माझे मत आहे. हे मत मांडण्यास एक घरगुती प्रसंग कारण झाला, तो प्रथम सांगते.

बेंगळुरूत राहणाऱ्या माझ्या आत्या जिन्यावरून पडल्या. उजवा घोटा मोडला. शस्त्रक्रिया उत्तम झाली, त्याबद्दल तक्रार नाही. घरी आल्यावर त्यांनी देयक माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाल्या, "अगं, तू एवढी शास्त्राची पुस्तकं मराठीत आणतेस, मग हे एक पान मला वाचून दाखव. माझी हाडं किती मोडली होती, तेवढं तरी यात लिहिलंय का?" मी ते पान दोनदा वाचले. त्यात खोलीचे भाडे होते, औषधांची बेरीज होती, आणि 'घोटा शस्त्रक्रिया, एकत्रित' अशी एक मोठ्या रकमेची ओळ होती. हाडे किती मोडली, किती जोडली, कशाने जोडली, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर तेथे नव्हते. विमा कंपनीने दाव्यातून बरीच रक्कम वजा केली होती, तिचे कारणही त्या पानावरून कळण्यासारखे नव्हते. भाषांतर करणाऱ्याला मूळ संहिताच मिळाली नाही तर तो काय करणार? माझी स्थिती तशी झाली.

आत्यांचा प्रश्न साधा वाटला तरी वैद्यकदृष्ट्या तोच मुख्य प्रश्न आहे. तो समजण्यासाठी घोट्याची रचना थोडी पाहू. गुडघ्यापासून खाली दोन हाडे येतात. आतील जाड हाड अंतर्जंघास्थी आणि बाहेरील बारीक हाड बहिर्जंघास्थी. आपण हाताने चाचपतो तो आतील घोटा हा अंतर्जंघास्थीचा खालचा उंचवटा होय, आणि बाहेरील घोटा हे बहिर्जंघास्थीचे टोक होय. या दोहोंच्या मध्ये, सुताराने लाकडात पाडलेल्या खाचेप्रमाणे, एक खाच तयार होते. पावलाचे सर्वांत वरचे हाड तिच्यात नेमके बसते आणि पुढे-मागे हलते. अंतर्जंघास्थीच्या तळाची मागील कड ही या खाचेची पाठ होय. शिवाय दोन्ही हाडांना खालच्या बाजूस एकत्र धरून ठेवणारे बळकट अस्थिबंध असतात. ते तुटले तर हाडे शाबूत असूनही खाच रुंदावते.

म्हणजे 'घोटा मोडला' या दोन शब्दांत निदान चार प्रकार सामावतात. केवळ बाहेरचा घोटा मोडतो, किंवा केवळ आतला. कधी दोन्ही मोडतात. कधी दोन्ही मोडून मागील कडही सुटते. अस्थिबंध तुटण्याचा प्रकार यांपैकी कोणाच्याही जोडीला येऊ शकतो. या भेदाला किती महत्त्व आहे हे एका प्रसिद्ध प्रयोगावरून कळते. रॅम्झी व हॅमिल्टन या अमेरिकन संशोधकांनी १९७६ साली दाखविले की, खाचेत बसणारे हाड बाहेरच्या बाजूस अवघे १ मिलिमीटर सरकले तरी सांध्यातील स्पर्शाचे क्षेत्र सरासरी ४२ टक्क्यांनी घटते. तोच भार लहान क्षेत्रावर पडला की कूर्चा झिजते आणि पुढे संधिवाताचे दुखणे जडते. म्हणूनच १९५८ साली स्वित्झर्लंडमधील काही शल्यविशारदांनी एकत्र येऊन अस्थिभंगाच्या उपचाराची जी नवी पद्धती रूढ केली, तिचा भर हाडे तंतोतंत जागेवर आणून घट्ट बसविण्यावर आणि सांधा लवकर हलता करण्यावर होता. अशा शस्त्रक्रियेत एक हाड जोडले की तीन, याने लागणारा वेळ, कौशल्य, साहित्य आणि पुढील धोका ही सर्व बदलतात. तेव्हा देयकानेही ते सांगावे, ही अपेक्षा वावगी नाही.

हे सांगावयाचे कसे? केवळ नावाने भागत नाही, असा वैद्यकाचा जुना अनुभव आहे. अठराव्या शतकात लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी घोट्याजवळील एका विशिष्ट मोडीचे वर्णन केले. तीत बहिर्जंघास्थी टोकापासून दोन-तीन इंच वर मोडलेली असे आणि आतील बाजूचे अस्थिबंध तुटलेले असत. पुढे 'पॉटची मोड' हे नाव इतके रूढ झाले की, घोट्याची जवळजवळ कोणतीही मोड त्या नावाखाली जाऊ लागली. मूळ वर्णन मागे पडले आणि नाव तेवढे उरले. शब्द अर्थापासून सुटला की असे होते. भाषेच्या अभ्यासकांना हा प्रकार परिचित आहे.

यावर उपाय म्हणून संकेतांक आले. मात्र त्यांचा जन्म पैशासाठी झाला नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १८५३ साली ब्रुसेल्स येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र परिषदेने मृत्यूच्या कारणांची सर्व देशांना लागू पडेल अशी नामावली तयार करण्याचे ठरविले. इंग्लंडचे विल्यम फार यांनी त्या कामी मोठा वाटा उचलला. १८९३ साली फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ झाक बेर्तियाँ यांनी शिकागो येथे आपले वर्गीकरण सादर केले आणि ते अनेक देशांनी स्वीकारले. १९४८ साली हे काम जागतिक आरोग्य संघटनेकडे आले व मृत्यूच्या कारणांबरोबर सर्व रोगांचा व इजांचा त्यात समावेश झाला. या वर्गीकरणाची दहावी आवृत्ती १९९० साली संमत झाली, आणि अकरावी १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. उद्देश असा की, मुंबईच्या वैद्याने लिहिलेली इजा आणि ब्राझीलच्या वैद्याने लिहिलेली तीच इजा एकाच खात्यात मोजली जावी.

दहाव्या आवृत्तीत गुडघा ते घोटा या भागाच्या अस्थिभंगास 'एस ८२' असा संकेतांक आहे. त्यात 'एस ८२.५' म्हणजे आतील घोटा, 'एस ८२.६' म्हणजे बाहेरील घोटा, आणि दोन किंवा तीन ठिकाणी मोडलेला घोटा 'एस ८२.८' या संकीर्ण खात्यात जातो. म्हणजे जागतिक आवृत्तीतील हा आकडा दोन मोडी आणि तीन मोडी यांत भेद करीत नाही. मृत्यूंची व रोगांची मोजदाद करण्यास एवढे पुरते. रुग्णाचा हिशेब करण्यास पुरत नाही.

अमेरिकेने या आवृत्तीचा स्वतःपुरता विस्तार केला आणि तो तेथे १ ऑक्टोबर २०१५ पासून वापरात आला. त्यातील 'एस ८२.८५१ ए' हा संकेतांक उदाहरणादाखल घेऊ. 'एस' म्हणजे इजा. '८२' म्हणजे गुडघ्याखालचा भाग. '८५' म्हणजे तीन ठिकाणी मोडलेला घोटा. त्यापुढील '१' म्हणजे उजवा पाय आणि हाड जागेवरून सरकलेले. शेवटचा 'ए' म्हणजे कातडी न फाटलेली मोड, प्रत्यक्ष उपचार चालू असताना. हाड जुळू लागून केवळ तपासणी उरली की त्या जागी 'डी' येतो. सात चिन्हांत एक अख्खे वाक्य भरले आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

निदानाचा हा आकडा झाला. शस्त्रक्रियेसाठी दुसरी सूची आहे. ती अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६६ साली प्रथम प्रसिद्ध केली. तीत केवळ आतील घोटा उघडून जोडला तर २७७६६, केवळ बाहेरील जोडला तर २७७९२, आणि दोन ठिकाणी मोडलेल्या घोट्यास २७८१४ असा आकडा आहे. तीन ठिकाणी मोडलेल्या घोट्यास दोन आकडे आहेत. मागील कड पक्की केली नसेल तर २७८२२, केली असेल तर २७८२३. दोन हाडांना धरणारा सांधा उघडून दुरुस्त केला तर २७८२९ हा वेगळा आकडा आहे. येथे लबाडीलाही वाव असतो. दोन्ही घोटे जोडल्याचा एकच आकडा असताना, आतल्याचा एक आणि बाहेरच्याचा एक असे दोन आकडे लावून अधिक पैसे मागणे हा दोष मानला जातो. तेथील वृद्धांच्या सरकारी विमा योजनेत या शस्त्रक्रियांच्या मोबदल्यात पुढील ९० दिवसांच्या नेहमीच्या तपासण्याही धरलेल्या असतात. त्यांचे पैसे शल्यविशारदास निराळे मागता येत नाहीत.

आता बेंगळुरूकडे वळू. हे सर्व आकडे अमेरिकेचे, परंतु ते लावण्याचे काम फार मोठ्या प्रमाणावर भारतात होते, आणि बेंगळुरू हे त्याचे एक प्रमुख केंद्र आहे. या शहरात २००३ साली स्थापन झालेल्या ओमेगा हेल्थकेअरसारख्या संस्थांतून सुशिक्षित तरुण-तरुणी दूरदेशीच्या रुग्णांच्या नोंदी वाचून त्यांना संकेतांक लावतात. जीवशास्त्राचे, औषधनिर्माणशास्त्राचे, परिचर्येचे पदवीधर या कामात आहेत. त्यासाठी ते शरीररचना शिकतात व परीक्षा देतात. त्यांच्या कामाचा एक नियम प्रत्येक संकेतनकाराच्या तोंडी असतो: जे लिहिलेले नाही ते केलेले नाही. शल्यविशारदाने आपल्या टिपणात 'तीन ठिकाणी मोडलेला घोटा जोडला' एवढेच लिहिले आणि मागील कड पक्की केली किंवा नाही हे लिहिले नाही, तर संकेतनकार अंदाजाने २७८२३ लावू शकत नाही. क्ष-किरण छायाचित्र पाहून स्वतःचा तर्कही चालवू शकत नाही. त्याने वैद्यास विचारले पाहिजे, आणि उत्तर नोंदीत आले पाहिजे.

या शिस्तीबद्दल मला आदर वाटतो, कारण ती भाषांतराचीच शिस्त आहे. मुळात नाही ते घालावयाचे नाही, मुळात आहे ते गाळावयाचे नाही, आणि संदिग्ध असेल तेथे लेखकास विचारावयाचे. परंतु याच ठिकाणी मनाला एक विसंगती बोचते. बेंगळुरूतील एखादी मुलगी दिवसभर बसून ओहायोतील एका अनोळखी मनुष्याच्या घोट्याची मागील कड पक्की झाली की नाही याचा कसोशीने शोध घेते. संध्याकाळी ती घरी जाते, आणि तिच्या स्वतःच्या आईच्या घोट्याचे देयक एका ओळीचे असते. हे ज्ञान आपल्या शहरात आहे, माणसे आपली आहेत, शिस्तही आपल्या अंगवळणी पडली आहे. फक्त तिचा लाभ आपल्या रुग्णास मिळत नाही.

आपल्याकडे यासाठी काहीच सोय नाही, असे मात्र नाही. विमा नियामक प्राधिकरणाने २०१३ साली आरोग्यविम्यासाठी रुग्णालयाच्या देयकाचे व घरी पाठविताना द्यावयाच्या वृत्तांताचे प्रमाण नमुने घालून दिले. देयकाचा सारांश आणि त्याची तपशीलवार फोड असे दोन भाग त्यात आहेत. दाव्याच्या अर्जाचा 'ब' भाग रुग्णालयाने भरावयाचा असतो, आणि त्यात निदानाचा व शस्त्रक्रियेचा संकेतांक लिहिण्यास जागा ठेवलेली आहे. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत, जी कर्नाटकात राज्याच्या आरोग्य कर्नाटक योजनेशी जोडलेली आहे, प्रत्येक शस्त्रक्रियेस ठराविक दर व संकेतांक असून अस्थिरोगाचे संकेतांक 'एसबी' या अक्षरांनी सुरू होतात. कर्नाटकात खाजगी वैद्यकीय संस्थांविषयी २००७ साली कायदा झाला आणि २०१७ साली त्यात दुरुस्ती होऊन रुग्णांच्या हक्कांची सनद त्यात आली. त्या दुरुस्तीविरुद्ध नोव्हेंबर २०१७ मध्ये राज्यातील खाजगी वैद्यांनी मोठे आंदोलन केले होते, हे अनेकांना आठवत असेल. सारांश, चौकट आहे. ती भरण्याची सवय नाही.

ही सवय नसल्याने रुग्णाचे किती नुकसान होते, हे एका हिशेबाने दाखविते. पुढील आकडे समजुतीसाठी कल्पिलेले आहेत. समजा, एका घोट्याच्या शस्त्रक्रियेचे देयक १,८०,००० रुपये झाले. त्यात खोलीचे भाडे दिवसाला ८,००० रुपये प्रमाणे तीन दिवसांचे २४,००० रुपये, प्लेट व स्क्रू ४०,०००, औषधे व वापरून टाकावयाचे साहित्य २५,०००, तपासण्या १५,०००, आणि शल्यविशारद, भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह व परिचर्या मिळून ७६,००० रुपये. रुग्णाच्या विम्यात खोलीच्या भाड्याची मर्यादा दिवसाला ४,००० रुपये आहे. त्याने दुप्पट भाड्याची खोली घेतली, म्हणून कंपनी भाड्याबरोबर त्याच्याशी संलग्न खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मा कापते. परंतु प्राधिकरणाने २०२० साली स्पष्ट केले की, औषधे व साहित्य, शरीरात बसविलेली उपकरणे आणि तपासण्या यांचा समावेश या संलग्न खर्चात होत नाही. खोली कोणतीही घेतली तरी स्क्रू तोच असतो, हे त्यामागील तत्त्व होय.

आता देयकात फोड असेल तर हिशेब असा होईल: भाड्याचे १२,०००, संलग्न खर्चाचे ३८,०००, प्लेट-स्क्रू, औषधे व तपासण्या यांचे पूर्ण ८०,०००. एकूण १,३०,००० रुपये मिळतील. उलट देयकात भाड्याची एक ओळ आणि 'घोटा शस्त्रक्रिया, एकत्रित, १,५६,०००' अशी दुसरी ओळ असेल, तर कोणती रक्कम कापावयाची नाही हे कंपनीस दिसणारच नाही. ती सरसकट निम्मे करील. १२,००० अधिक ७८,०००, म्हणजे ९०,००० रुपये मिळतील. शस्त्रक्रिया तीच, हाडे तीच, स्क्रू तेच. केवळ तीन ओळी लिहिल्या नाहीत म्हणून रुग्णाच्या पदरचे ४०,००० रुपये गेले. मध्यमवर्गीय कुटुंबाला ही रक्कम लहान नाही, आणि ज्याने कर्ज काढून उपचार घेतले त्याला तर मुळीच नाही.

पैशाखेरीज दुसरेही नुकसान आहे. दोन वर्षांनी घोटा दुखू लागला, किंवा प्लेट काढण्याची वेळ आली, तर नवा वैद्य प्रथम विचारतो की, आत काय बसविले आहे? बेंगळुरूत शस्त्रक्रिया झालेला मनुष्य तोवर बेळगावला किंवा सोलापूरला राहावयास गेलेला असतो. त्याच्याजवळच्या कागदावर 'एकत्रित' हा शब्द असतो. त्या शब्दावरून हाडात कोणत्या मापाचा स्क्रू आहे हे जगातील कोणताही शल्यविशारद सांगू शकणार नाही.

याविरुद्ध वैद्यमंडळींकडून काही आक्षेप येतात. त्यांचा विचार केला पाहिजे, कारण ते निराधार नाहीत. पहिला आक्षेप वेळेचा. गर्दीच्या सरकारी रुग्णालयात, उदाहरणार्थ बेंगळुरूच्या संजय गांधी अपघात व अस्थिरोग संस्थेसारख्या ठिकाणी, वैद्याने लिहीत बसावे की हाडे जोडावी? याला उत्तर असे की, जे लिहावयास हवे ते पाच-सहा ओळींचे आहे. कोणता पाय, मोड उघडी की बंद, कोणकोणती हाडे मोडली, त्यांपैकी कोणती जोडली, कशाने जोडली, अस्थिबंधांचे काय केले. शल्यविशारद हे सर्व जाणतो आणि शस्त्रक्रियेच्या टिपणात बहुधा लिहितोही. ते टिपणातून देयकापर्यंत नेण्याचे काम त्याचे नव्हे, प्रशिक्षित संकेतनकाराचे आहे. आणि असे संकेतनकार ज्या शहरात विपुल आहेत त्या शहराने माणसे नाहीत असे म्हणू नये.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अमेरिकेत इतके बारीक संकेतांक असूनही तेथील रुग्ण देयकांनी गांजलेला आहे, मग ते येथे कशास आणावयाचे? ही गोष्ट खरी आहे. अनपेक्षित देयकांपासून रुग्णांना संरक्षण देण्यासाठी त्या देशास स्वतंत्र कायदा करावा लागला आणि तो १ जानेवारी २०२२ पासून अमलात आला. आकडा अचूक असला म्हणजे दर न्याय्य असतो असे नाही. अधिक पैशाचा आकडा लावण्याचा मोहही प्रत्येक संकेतपद्धतीत असतो. म्हणून अमेरिकेची पद्धती जशीच्या तशी उचलावी, असे मी म्हणत नाही. तिच्या शस्त्रक्रियांची सूची ही एका खाजगी संघटनेच्या मालकीची आहे. सर्वसाधारण वाचकास ती ग्रंथालयात मोकळेपणाने चाळता यावी अशी नाही. आपण घ्यावयाचे ते तिच्यातील तत्त्व, की टिपणात नाही ते देयकात नाही, आणि टिपणात आहे ते देयकात लपलेले नाही. आकड्यांसाठी आपल्याजवळ जागतिक आरोग्य संघटनेचे वर्गीकरण आहेच. शिवाय वैद्यकीय संज्ञांची स्नोमेड सीटी ही आंतरराष्ट्रीय संज्ञावली भारत २०१४ साली तिच्या संघटनेचा सदस्य झाल्यापासून आपल्या देशात विनामूल्य वापरता येते, आणि तिचे राष्ट्रीय काम पुण्याच्या सी-डॅक या संस्थेकडे आहे.

तिसरा आक्षेप मला माझ्याच व्यवसायातून ऐकावयास मिळतो. सामान्य माणसाला हे कळणार नाही, त्याला एकूण रक्कम कळली म्हणजे झाले, असे काही जण म्हणतात. मला हे पटत नाही. शेतकरी सात-बाराचा उतारा वाचतो. गृहिणी वीजदेयकातील युनिट तपासते. भुसार दुकानाच्या यादीत डाळ व तेल एका ओळीत लिहिलेले कोणी खपवून घेत नाही. मग स्वतःच्या हाडांचा हिशेब माणसाला कळणार नाही, असे का धरून चालावे? त्याला तो आजवर कळेल अशा भाषेत दिलेला नाही, एवढेच. 'एस ८२.८' हा आकडा त्याला कळणार नाही हे खरे. परंतु त्याच्यापुढे 'उजवा घोटा तीन ठिकाणी मोडला, आतील, बाहेरील व मागील, तिन्ही जोडले, एक प्लेट व आठ स्क्रू' असे एक वाक्य लिहिले, तर चौथीतला मुलगाही ते आजीला वाचून दाखवील.

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे. घोट्याच्याच काय, कोणत्याही अस्थिभंगाच्या शस्त्रक्रियेच्या देयकात तीन गोष्टी असाव्यात. निदानाचा व शस्त्रक्रियेचा संकेतांक असावा, त्यामुळे मोजदाद व तुलना होईल. शरीरात बसविलेल्या प्रत्येक वस्तूची वेगळी ओळ असावी, त्यामुळे हिशेब होईल. आणि प्रत्येक संकेतांकासमोर रुग्णाच्या भाषेतील एक साधे वाक्य असावे, त्यामुळे रुग्णाला समजेल. बेंगळुरूत ते वाक्य कन्नडमध्ये असेल, पुण्यात मराठीत असेल. अशा वाक्यांची एक प्रमाण सूची भाषांतरकार, अस्थिरोगतज्ज्ञ व संकेतनकार यांनी एकत्र बसून तयार केली, तर ती काही शे वाक्यांहून मोठी होणार नाही. आमच्या व्यवसायाने देशास द्यावयाच्या अनेक गोष्टींत ही एक लहानशी गोष्ट आहे, आणि ती आम्ही दिली पाहिजे.

ती होईपर्यंत रुग्णाच्या हातीही एक साधन आहे. वैद्यांच्या आचारसंहितेचे २००२ सालचे नियम सांगतात की, रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यास वैद्यकीय नोंदी ७२ तासांच्या आत दिल्या पाहिजेत. घरी परतताना देयकाबरोबर शस्त्रक्रियेच्या टिपणाची प्रत आणि बसविलेल्या वस्तूंवरील चिठ्ठ्या मागून घ्याव्यात आणि क्ष-किरण छायाचित्रांशेजारी जपून ठेवाव्यात. मागणी लेखी करावी आणि पोच घ्यावी. यात वैद्यावर अविश्वास नाही. ज्याने हाड नीट जोडले आहे, त्याला ते नीट लिहिण्याची भीती वाटण्याचे कारण नाही.

आमच्या आत्यांनी तसेच केले. लेखी मागणी केल्यावर टिपण मिळाले, आणि मग रुग्णालयाने देयकाची फोडही करून दिली. ती फोड पाहून विमा कंपनीने कापलेल्या रकमेपैकी प्लेट व स्क्रू यांचा भाग परत दिला. त्या संध्याकाळी मी ते टिपण मराठीत करून त्यांना वाचून दाखविले. घोटा तीन ठिकाणी मोडला होता. मागील कड दोन स्क्रूंनी पक्की केली होती. त्या बराच वेळ पायाकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे डॉक्टरांनी एवढं काम केलं होतं तर. हे आधीच लिहिलं असतं, तर मी त्यांचे आभार नीट मानले असते."

रुग्णाला देयक समजले तर तो भांडेल, अशी भीती पुष्कळांना वाटते. माझा अनुभव याहून वेगळा आहे. समजलेल्या देयकातील अन्याय दिसतो हे खरे, परंतु त्यात केलेले कामही दिसते, आणि दोन्ही दिसणे रुग्णाच्या व वैद्याच्या हिताचे आहे.